एक शतांश कुठे गेला? एका जुन्या हिशेबप्रणालीचं पायथन ३ वर स्थलांतर

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०१९-२० मधलं आहे. कंपनीची आणि माणसांची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे. घटनाक्रम आणि आम्ही केलेल्या चुका तशाच ठेवल्या आहेत.

आमची पाच जणांची टीम एका ऑनलाइन बाजारपेठेची हिशेबप्रणाली सांभाळत होती. सुमारे नऊशे विक्रेते तिथे माल विकायचे. महिनाअखेरीला प्रत्येकाच्या विक्रीतून आमचा वाटा, परत आलेला माल आणि साठवणीचं भाडं वजा करून त्याला किती रक्कम द्यायची, हे ही प्रणाली काढायची. करारांचे प्रकार सत्तावीस. कोड साठ हजार ओळींच्या आसपास, सगळा पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या २.७ आवृत्तीत, २०११ पासून थरावर थर चढत आलेला. मूळ कोड दोघांनी लिहिला होता. त्यातला एक जण कंपनी सोडून गेला होता आणि दुसरे सर आता वेगळ्या विभागाचे प्रमुख होते.

चाचण्या होत्या, पण जिथे आम्ही वारंवार हात घालायचो त्याच भागांना. हिशेबाच्या गाभ्याला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता, त्यामुळे त्याला चाचण्याही नव्हत्या. प्रणाली मात्र दर महिन्याला बिनतक्रार चालायची, आणि या शांततेमुळेच आम्ही निर्धास्त राहिलो.

अडचण

पायथन ३.० डिसेंबर २००८ मध्ये आलं, तेही जुन्या कोडशी सुसंगती जाणूनबुजून तोडून. २.७ साठी आधी २०१५ ची मुदत होती. २०१४ मध्ये ती २०२० पर्यंत वाढवली गेली. आमच्यासारख्यांसाठीच ती वाढवली होती आणि आम्ही ती वाढीव पाच वर्षं जवळजवळ सगळी वापरून टाकली. १ जानेवारी २०२० नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या येणार नव्हत्या. आम्ही वापरत असलेल्या जँगो या पायथनमधल्या वेब-चौकटीने तर डिसेंबर २०१७ मध्ये २.० आवृत्तीतच पायथन २ सोडलं होतं. आम्ही १.११ वर होतो आणि त्या आवृत्तीचा आधारही एप्रिल २०२० मध्ये संपत होता.

फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरक्षा तपासणीच्या अहवालात हा मुद्दा लाल अक्षरांत आला. तोवर हा विषय दर तिमाहीला निघायचा आणि पुढच्या तिमाहीवर जायचा.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता तसंच राहण्याचा: प्रणाली अंतर्गत जाळ्यात बंदिस्त करायची आणि पायथन २ वरच चालू द्यायची. खर्च शून्य दिसतो, म्हणून व्यवस्थापनाला हा आवडला. पण पैशांचा हिशेब करणाऱ्या प्रणालीच्या लायब्ररींमध्ये (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडमध्ये) उद्या भोक सापडलं तर ते बुजवणार कोण, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. हा पर्याय एका बैठकीतच बाद झाला.

दुसरा पर्याय आमच्यातल्या सगळ्यात तरुण सहकाऱ्याने मांडला: सगळं गो भाषेत नव्याने लिहू. त्याचा मुद्दा उथळ नव्हता. स्थिर प्रकारांमुळे (कुठे संख्या, कुठे मजकूर हे आधीच ठरतं) अर्ध्या चुका संकलनाच्या वेळीच, प्रोग्राम चालण्याआधी, पकडल्या जातील, एकच बायनरी (थेट चालणारी फाइल) सर्व्हरवर टाकली की काम झालं, आणि जुन्या कोडमधली गुंतागुंत एकदाची सुटेल. "पायथन ३ वर जाणं म्हणजे जुन्याच घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सामान हलवणं. पाया तोच राहणार," असं तो म्हणाला होता. ऐकताना मलाही पटलं.

तिसरा पर्याय होता तोच कोड हळूहळू अशा रूपात आणण्याचा की तो २.७ आणि ३ दोन्हींवर चालेल, आणि मग एक दिवस खालचा पायथन बदलायचा. इन्स्टाग्रामच्या अभियंत्यांनी २०१७ च्या पायकॉन या पायथन परिषदेत हीच वाट सांगितली होती: कोडची वेगळी प्रत, म्हणजे शाखा, न काढता मुख्य शाखेतच काम करायचं आणि रोजची कामं चालू ठेवायची.

पुनर्लेखनाच्या बाबतीत नेटस्केपचा दाखला आमच्या चर्चेत आलाच. त्यांनी १९९८ मध्ये ब्राउझरचं इंजिन नव्याने लिहायला घेतलं आणि पुढची मोठी आवृत्ती, नेटस्केप ६, नोव्हेंबर २००० मध्ये बाहेर पडली. ५ क्रमांकाची आवृत्ती कधी आलीच नाही. पण दुसऱ्याचे दाखले देऊन सहकाऱ्याची सूचना फेटाळणं मला योग्य वाटलं नाही. आम्ही त्याला आणि आणखी एकाला तीन आठवडे दिले आणि सांगितलं: सत्तावीसपैकी कोणतेही तीन करार गोमध्ये उतरवून दाखवा.

त्या तीन आठवड्यांनी निर्णय झाला. तीन करार उतरले, कोड सुबक होता. पण ते उतरवताना त्यांनी एक यादी केली होती: जुन्या कोडमधल्या अशा अटी, ज्या का आहेत हे कुणालाच माहीत नाही. यादीत चौदा नोंदी होत्या. त्यातली एक ओळ मला अजून पाठ आहे. विक्रेता क्रमांक १७ किंवा २०४ असेल तर परताव्याची रक्कम पुढच्या महिन्यात धरायची. वर फक्त दोन शब्दांची टिप्पणी: "काढू नका." ना नाव, ना कारण.

तीन करारांत चौदा, तर सत्तावीस करारांत किती? पुनर्लेखन म्हणजे यातल्या प्रत्येक अटीचा आधी शोध आणि मग भाषांतर. शोधाला किती वेळ लागेल याचा अंदाज आमच्यापैकी कुणीच बांधू शकत नव्हतं. त्या तरुण सहकाऱ्यानेच बैठकीत म्हटलं, "कोड लिहायला मी तयार आहे, पण काय लिहायचं हेच आपल्याला माहीत नाही." तिसरा पर्याय ठरला.

काय केलं

बराचसा भाग कंटाळवाणा होता आणि त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. टू-टू-थ्री हे साधन आणि सिक्स ही लायब्ररी वापरून आम्ही एकेक मॉड्यूल दोन्ही आवृत्त्यांवर चालेल असं केलं. प्रिंटचं वाक्यरूप, अपवाद पकडण्याची जुनी पद्धत, गायब झालेली नावं: अशा ठिकाणी पायथन ३ स्वतःच ओरडतं. ओरडणारी चूक स्वस्त असते, दहा मिनिटांत सुटते.

महाग पडल्या त्या गप्प बसणाऱ्या चुका. पायथन ३ मध्ये मॅप आणि फिल्टर ही फंक्शन यादी देत नाहीत, एकदाच वाचता येणारा इटरेटर देतात. एका ठिकाणी आधी बेरीज होत होती आणि मग तीच यादी अहवालात छापली जात होती. नव्या पायथनवर बेरीज बरोबर आली आणि खालचा तक्ता रिकामा. दुसरीकडे रेडिस या वेगवान डेटासाठ्यातून आलेल्या किल्ल्या (नोंदींची नावं) पायथन ३ मध्ये बाइट्स (कच्चा डेटा) म्हणून येत होत्या. बाइट्स आणि स्ट्रिंग (मजकूर) यांची तुलना केली तर पायथन ३ त्रुटी देत नाही, निमूटपणे "नाही" म्हणतं. त्यामुळे कॅशमध्ये (आधी काढून ठेवलेल्या उत्तरांत) असलेली गोष्ट कधी सापडायचीच नाही. उत्तर बरोबर यायचं, फक्त चौपट वेळाने. आणि भागाकार: ५ भागिले २ चं उत्तर जुन्यात २, नव्यात २.५.

अशा चुका वाचून सापडत नाहीत, हे दोन महिन्यांत कळून चुकलं. मग आम्ही मागच्या चोवीस महिन्यांचा खरा डेटा घेतला, तो दोन्ही पायथनवर चालवला आणि विक्रेत्यांची विवरणपत्रं ओळीला ओळ लावून ताडून पाहिली. आम्ही याला "जोडीची फेरी" म्हणायचो. पहिल्या फेरीत एकवीस हजारांहून अधिक विवरणपत्रांपैकी सहा हजारांच्या वर जुळली नाहीत. दर आठवड्याला एखादं कारण सापडायचं आणि आकडा खाली यायचा. ऑगस्टअखेरीस तो २१२ वर येऊन थांबला. पुढे हलेना.

२१२ विवरणपत्रं

त्या २१२ पैकी २०९ एकाच प्रकारच्या करारातली होती. फरक किरकोळ वाटायचा: प्रत्येक ओळीत ०.०१. पण तो नेहमी एकाच दिशेने. जुन्या प्रणालीत आमचा वाटा जास्त, नव्यात कमी. दोन्ही दिशांचे फरक असते तर ते एकमेकांत मिटले असते. इथे शंभर ओळींमागे चलनाचं एक पूर्ण एकक जमा होत होतं.

आम्ही त्या कराराचा कोड अकरा दिवस वाचला. त्यात काहीही वेगळं नव्हतं. वाट्याचा दर तेवढा वेगळा: १२.५ टक्के. बाकी सगळ्या करारांचे दर पूर्ण टक्क्यांत होते.

उरलेल्या तीन विवरणपत्रांनी गाठ सोडवली. ती साठवणीच्या भाड्याची होती, त्यांचा या कराराशी संबंधच नव्हता. तीनही ठिकाणी मूळ रक्कम काढून पाहिली तर शेवट .१२५ किंवा .६२५ असा. मी पायथन २.७ उघडून ०.१२५ दोन दशांशांपर्यंत पूर्णांकित करून पाहिलं: ०.१३. पायथन ३ मध्ये तेच: ०.१२.

पायथन २ मध्ये बरोबर अर्ध्यावर आलेली संख्या शून्यापासून दूर जाते. पायथन ३ मध्ये ती जवळच्या सम अंकाकडे जाते. १२ आणि १३ यांच्या बरोबर मधे असेल तर १२ कडे, ३७ आणि ३८ यांच्या मधे असेल तर ३८ कडे. म्हणून .३७५ आणि .८७५ ला दोन्ही आवृत्त्यांत एकच उत्तर, आणि .१२५ व .६२५ ला वेगळं. आमच्याकडे किमती पूर्ण आकड्यांत असायच्या. १२.५ टक्के म्हणजे एक अष्टमांश. किंमत विषम असली की शेवटी .१२५, .३७५, .६२५ किंवा .८७५ येणारच. ज्या किमतीला आठाने भागल्यावर बाकी १ किंवा ५ उरते, तिथे एक शतांश गायब. पूर्ण टक्क्यांच्या करारांत तिसरा दशांश कधी येतच नव्हता, म्हणून तिथे सगळं जुळत होतं.

कागदावर आठ किमती लिहून मी हे टीमला दाखवलं तेव्हा खोलीत दोन मिनिटं कुणी बोललं नाही. आठ वर्षं आमच्या कंपनीची पूर्णांकनाची नीती भाषेच्या एका फंक्शनने ठरवली होती. ती कुठेही लिहिलेली नव्हती.

खरा निर्णय

आता प्रश्न होता, बरोबर कोणतं? त्यासाठी आम्ही पहिल्यांदाच हिशेब विभागातल्या ज्येष्ठ मॅडमकडे गेलो. त्यांनी कराराची प्रत काढली आणि बोट ठेवलं: अर्धा किंवा त्याहून अधिक असेल तर वर. "हे तर पहिल्या दिवसापासून असंच आहे. तुम्ही विचारलं का नाही?" म्हणजे जुनी प्रणाली कराराप्रमाणेच चालत होती, योगायोगाने.

पण पूर्णपणे नाही. संगणकातली दशांश संख्या सहसा द्विमान पद्धतीत साठवली जाते आणि २.६७५ सारखी संख्या तिथे नेमकी बसत नाही. ती किंचित कमी साठवली जाते, त्यामुळे दोन्ही पायथन तिचं २.६७ करतात. कराराप्रमाणे २.६८ हवं. साठवणीचं भाडं दिवसांच्या प्रमाणात वाटताना अशा रकमा यायच्या. म्हणजे दशांश संख्या नेमकी साठवणारा पायथनचा डेसिमल प्रकार वापरून सगळं नीट केलं, तर १२.५ टक्क्यांचा करार जुळेल आणि भाड्याची काही जुनी विवरणपत्रं बिघडतील. बिघडतील म्हणजे सुधारतील. पण ताडून पाहणाऱ्या साधनाला दोन्ही सारखंच दिसतं.

टीमचे इथे दोन तट पडले. एकाचं म्हणणं, चूक कळल्यावर ती नव्या प्रणालीत मुद्दाम पेरायची कशी? दुसऱ्याचं म्हणणं, भाषा आणि हिशेब एकाच वेळी बदलले तर पुढच्या महिन्यात फरक आला की कारण शोधता येणार नाही. मी दुसऱ्या बाजूने कौल दिला. आम्ही जुन्या पायथनसारखंच पूर्णांकन करणारं छोटं फंक्शन लिहिलं: फ्लोट (द्विमान पद्धतीतली) संख्या जशी साठवली आहे तशीच डेसिमलमध्ये घ्यायची आणि अर्ध्याला वर न्यायचं. ०.१२५ चं ०.१३ आणि २.६७५ चं २.६७, हुबेहूब जुन्यासारखं. वर सहा ओळींची टिप्पणी लिहिली: हे असं का आहे, कुणी ठरवलं, कधी बदलणार. जोडीची फेरी शून्यावर आली.

आणखी एक निर्णय तारखेचा होता. व्यवस्थापनाला १ जानेवारीच्या आत बदल हवा होता. पण डिसेंबर हा आमच्याकडे विक्रीचा सगळ्यात मोठा महिना, आणि त्याचा हिशेब जानेवारीत. आम्ही लेखी मागणी करून फेब्रुवारी २०२० घेतला. दीड महिना आधाराविना राहण्याचा धोका आम्हाला वर्षातल्या सगळ्यात मोठ्या हिशेबात नवा पायथन उतरवण्यापेक्षा कमी वाटला. हा निर्णय मी आजही तसाच घेईन.

बदलाची रात्र

चार सर्व्हरपैकी दोन नव्या पायथनवर नेले. काही बिघडलं तर ते दोन परत जुन्यावर आणायचे, असा बेत होता. दहा मिनिटांत जुन्या सर्व्हरवरची कामं एकामागून एक पडू लागली. त्रुटी एकच: पिकलचा (पायथनमधला डेटा साठवायच्या पद्धतीचा) प्रोटोकॉल ३ ओळखता येत नाही.

आमची कामांची रांग पिकल करून रेडिसमध्ये ठेवली जायची. पायथन ३ ने स्वतःहून नवा प्रोटोकॉल वापरला आणि पायथन २ ला २ च्या पुढचा प्रोटोकॉल वाचताच येत नाही. परत फिरावं, तर रांगेत पडलेली कामं जुना पायथन उचलू शकत नव्हता. ज्या वाटेने परतायचं ठरवलं होतं, ती आम्ही पुढे जाताना बंद करून ठेवली होती. जोडीच्या फेरीत हे दिसलं नाही, कारण तिथे दोघांच्या रांगा वेगळ्या होत्या.

आम्ही रांगेत नवी कामं घेणं थांबवलं, उरलेली नव्या सर्व्हरवरच संपवली, पिकलचा प्रोटोकॉल २ वर बांधला आणि पुन्हा सुरुवात केली. चाळीस मिनिटं गेली. रक्कम एकही चुकली नाही, कारण महिनाअखेर नव्हती.

निष्पत्ती

फेब्रुवारीचा हिशेब मार्चच्या पहिल्या आठवड्यात पायथन ३ वर निघाला. विक्रेत्यांकडून एकही तक्रार आली नाही. पायथन २.७ ची शेवटची आवृत्ती, २.७.१८, त्याच वर्षी एप्रिलमध्ये आली. तोवर आमच्या सर्व्हरवरून जुना पायथन निघून गेला होता. पूर्णांकनाची सुधारणा सप्टेंबरमध्ये स्वतंत्र बदल म्हणून केली, विक्रेत्यांना आधी कळवून. पहिल्या महिन्यात ३१ विवरणपत्रांत फरक पडला आणि प्रत्येकाचं कारण मॅडमना एका पानात देता आलं. कामांची रांग पिकलवरून जेसन या साध्या मजकुराच्या स्वरूपावर नेली.

गोवाल्या सहकाऱ्याने पुढे विवरणपत्रांच्या फाइली तयार करणारी वेगळी सेवा गोमध्ये लिहिली. तिचे नियम मोजके आणि लिहून ठेवलेले होते. ती उत्तम चालली.

आज पुन्हा करायचं झालं तर

हिशेब विभागाला पहिल्या आठवड्यातच बोलवेन. ते अकरा दिवस मला अजून खुपतात. आम्ही कोडला प्रश्न विचारत बसलो होतो आणि उत्तर दोन मजले खाली एका कपाटात होतं. संगणकाचा प्रश्न संगणकवाल्यांनीच सोडवायचा, हा आमचा समज होता, आणि त्यात थोडा अभिमानही होता.

जुने आणि नवे सर्व्हर एकाच वेळी, एकाच रांगेवर, चाचणीच्या जागेत दोन दिवस तरी चालवेन, आणि मग मुद्दाम परत फिरून पाहीन. आम्ही दोन्ही टोकं तपासली आणि मधला काळ तपासलाच नाही.

तीन आठवड्यांचा गोचा प्रयोग मात्र पुन्हा करेन. त्यातून हाती आलेली चौदा नोंदींची यादी पूर्ण स्थलांतराचा नकाशा ठरली. त्यातल्या अकरा नोंदींची कारणं आम्ही पुढे शोधून काढली, बहुतेक जुन्या ईमेलमधून. १७ आणि २०४ चं कारण मूळ कोड लिहिणाऱ्या सरांनी सांगितलं: त्या दोन विक्रेत्यांचा परत आलेला माल महिना उलटल्यावरच मोजला जायचा, आणि तसं तोंडी ठरलं होतं. विक्रेता २०४ कधीच बंद झाला होता. १७ ला फोन केला, तर ती पद्धत त्यांच्याकडे अजून चालू होती. अट ठेवली, तिच्यावर कारण लिहिलं, २०४ काढला. उरलेल्या तीन अटींचं कारण सापडलं नाही. त्या कोडमध्ये आहेत, आणि प्रत्येकीवर आम्ही कुणाकुणाला विचारलं त्यांची पदं आणि तारखा लिहिल्या आहेत.